दुधावाचूनचा उन्हाळा

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाची मुलगी पुण्याहून मालवणजवळच्या आमच्या गावी आली. आल्याआल्या तिनं सांगून टाकलं, "काकू, मी आता व्हीगन आहे. दूध, दही, तूप काही नको हं." माझी बायको गडबडली. पोरगी चार दिवसांसाठी आलेली, तिला करून घालायचं काय? पण दुपारी पानं वाढली तेव्हा लक्षात आलं, वेगळं असं काही करावंच लागलं नव्हतं. उकड्या तांदळाचा भात, ओल्या काजूगरांची उसळ, फणसाच्या कच्च्या गऱ्यांची भाजी, वाटीभर सोलकढी आणि शेवटी गोड म्हणून शिरवाळे. दुधाचा थेंब कशातच नव्हता.

'व्हीगन' हा शब्द इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली रूढ केला. माझी आजी काही व्हीगन नव्हती. बाजारात बांगडा स्वस्त झाला की तिची कळी खुलायची. पण मासळी नसलेल्या दिवशीच्या तिच्या उन्हाळी स्वयंपाकात दूध शोधून सापडलं नसतं. असं का, याचं उत्तर गोठ्यात आहे आणि माडाच्या बागेतही.

कोकणातल्या गावठी गाई अंगानं लहान, दुधाला बेताच्या. जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळा सरला की गवत वाळतं. वैशाखात गुरं पेंढ्यावर जगायची. वासराला सोडून जे दूध उरे ते लहान मुलाला नाहीतर आजाऱ्याला. नारळ मात्र बारमाही, आणि तो या किनाऱ्यावर फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं नारळाची ३२,००० झाडं दान दिल्याची नोंद त्यात आहे. दान घेणाऱ्यांच्या ठिकाणांत शूर्पारक, म्हणजे आजचं सोपारा, हेही नाव येतं.

आमच्याकडे नारळाच्या दुधाला 'रस' म्हणतात. खोबरं खवायचं, वाटायचं, फडक्यातून पिळायचं. पहिला रस दाट, दुसरा पातळ. शिजवायला पातळ रस घ्यायचा आणि दाट रस अगदी शेवटी घालायचा, नाहीतर तो फुटतो. हे आजीनं मला कधी शिकवलं नाही, बघूनच कळलं.

घाटावर उन्हाची तलखी ताकानं भागते. आमच्याकडे ते काम सोलकढी करते. त्यातला आंबटपणा रातांब्याचा. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं या आंबट फळाची दखल घेतली आहे. रातांबे पिकतात ते पावसाच्या तोंडावर. म्हणून घाई. सालं काढायची, त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, की झालं आमसूल. सोलकढीतली हिरवी मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर आली, काजूही त्यांनीच ब्राझीलमधून आणला. म्हणजे आपण ज्याला अगदी जुनं जेवण म्हणतो, त्यातलं निम्मं पाचशे वर्षांच्या आतलं आहे.

गोडाचं तसंच. पिकल्या बरक्या फणसाचा रस, तांदळाच्या कण्या, गूळ आणि नारळाचा रस एकत्र करून वाफवलं की सांदण. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवून लाकडी साच्यातून गाळले की शिरवाळे. ते गूळ-वेलची घातलेल्या रसात बुडवून खायचे.

आता एक गोष्ट, जी पुतणीला मी त्या दिवशी सांगितली. मी शाळेत असताना आमचे मास्तर घरी आले होते. आजी दारातच म्हणाली, "मास्तरानू, दूध नाय हां, कोरी च्याय चलात मां?" तिचा आवाज इतका पडलेला होता की मलाच लाज वाटली. आज ज्याचं कौतुक होतं, ती तेव्हा उणीव होती. पुढे १९७० साली धवलक्रांतीची योजना सुरू झाली, काही वर्षांनी पिशवीतलं दूध आमच्या गावच्या दुकानातही आलं. पाहुणा आला की दुधाची खीर होऊ लागली आणि आमचा शिरवाळ्यांचा साचा माळ्यावर गेला. आजीला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला आनंदच झाला, आणि तो खरा होता.

जे वाळवता येतं ते टिकलं. आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी चाकरमान्यांच्या ट्रंकेतून मुंबईला गेली आणि तिथं दुकानांत विकली जाऊ लागली. सांदण, शिरवाळे मात्र केले त्या दिवशीच खायचे. शिवाय साचा दाबायला जोर लागतो. एकीनं धरायचा, दुसरीनं दाबायचा. घरात दोन माणसं मोकळी नसली की हा पदार्थ होतच नाही, आणि ती दोन माणसं नेहमी बायकाच असायच्या.

त्या दुपारी साचा माळ्यावरून मीच काढला होता. बायकोनं धरला आणि मी दाबला. घामाघूम झालो. आजी हे वयाच्या सत्तरीपर्यंत करत होती. पुतणीनं दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "काका, आजी याला काय म्हणायची?"

मी म्हटलं, "काही नाही. घरात जे होतं ते म्हणायची."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)