एंडोस्कोपीतील गुंगी आणि रुग्णाचे समाधान : एक ऐतिहासिक मागोवा

दुर्बिणीद्वारे जठर व आतडे तपासण्याच्या पद्धतीचा, म्हणजे एंडोस्कोपीचा, इतिहास बहुधा उपकरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नळी कोणी बनविली, तिच्या टोकापर्यंत प्रकाश कसा पोहोचविला, याच्या नोंदी विपुल आहेत. ती नळी ज्याच्या घशातून उतरली त्याला काय वाटले, हे मात्र फार उशिरा विचारले गेले. विचारले गेले तेव्हा उत्तर देणारा रुग्ण औषधाच्या प्रभावामुळे बरेच काही विसरलेला होता. ‘रुग्णसमाधान’ या संज्ञेचे मोल ठरविताना हे ध्यानात घ्यावे लागते.

१८६८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अडोल्फ कुसमाउल यांनी जिवंत माणसाच्या जठरात सरळ, ताठ नळी उतरवली. त्यासाठी त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणारा कलावंत निवडला. सामान्य माणसाचा घसा हे सहन करणार नाही, याची ती कबुलीच होती. रुडॉल्फ शिंडलर यांनी गेओर्ग वोल्फ यांच्या साहाय्याने १९३२ मध्ये अंशतः लवचीक गॅस्ट्रोस्कोप सिद्ध केला. त्यांच्या तपासणीत रुग्णाचे डोके धरून त्याला धीर देण्याचे काम त्यांच्या पत्नी गाब्रिएले करीत. त्या काळातील सर्वांत परिणामकारक शामक हेच म्हणावयास हरकत नाही.

१९५७ मध्ये बेसिल हर्शोवित्झ यांनी काचतंतूंचा लवचीक गॅस्ट्रोस्कोप प्रथम स्वतः गिळून पाहिला. १९६३ मध्ये बाजारात आलेले डायझेपाम पुढे शिरेवाटे देण्याची प्रथा पडली; १९८० च्या दशकात मिडाझोलामने त्याची जागा घेतली. हे औषध पाण्यात विरघळणारे असल्याने शिरेची जळजळ कमी होई. त्याचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा ठरला : औषध दिल्यानंतरच्या घटनांची स्मृती पुसट होते. तपासणीच्या वेळी कण्हणारा, डॉक्टरांचा हात दूर लोटणारा रुग्णही नंतर ‘काहीच त्रास झाला नाही’ असे सांगू शकतो.

या सुखाची किंमतही होती. इंग्लंडमधील दोन विभागांत झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १४,००० हून अधिक जठर-तपासण्यांचा आढावा घेण्यात आला. साधारण २,००० तपासण्यांमागे एक मृत्यू आढळला. हृदय व श्वसनाच्या गुंतागुंतीचा बेन्झोडायझेपाइन गटातील औषधांच्या मोठ्या मात्रेशी संबंध दिसून आला. रक्तातील प्राणवायू मोजणारे पल्स ऑक्सिमीटर आणि उतारा म्हणून फ्लुमाझेनिल यांचा वापर याच काळात रूढ होत गेला.

स्मृतीचा प्रश्न ऐरणीवर आणला तो वैद्यकाबाहेरच्या विचाराने. डोनाल्ड रेडेलमायर हे वैद्य आणि डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ यांनी १९९६ मध्ये मोठ्या आतड्याची तपासणी झालेल्या १५४ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. तपासणी ४ मिनिटे चालली की तासाहून अधिक, याचा आठवणीतील वेदनेशी फारसा संबंध नव्हता. संबंध होता तो तीव्रतम क्षणाशी आणि अखेरच्या काही मिनिटांशी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६८२ रुग्णांच्या प्रयोगात काहींच्या बाबतीत शेवटी नळी थोडा वेळ न हलवता तशीच ठेवली. तपासणी लांबली, तरी आठवण सौम्य राहिली. भोगलेली वेदना आणि आठवलेली वेदना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून उघड झाले. प्रश्नावली दुसरीच मोजते.

प्रोपोफॉलने हे अंतर आणखी वाढविले. या औषधाने रुग्ण लवकर झोपतो, लवकर शुद्धीवर येतो आणि मोठ्या आतड्याच्या तपासणीनंतर अधिक समाधान नोंदवतो, असे २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले. परंतु त्याला उतारा नाही, आणि गुंगी व पूर्ण भूल यांतील सीमारेषा निसटती असल्याने श्वासाकडे लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती जवळ असावी लागते. जेथे ती सोय परवडत नाही तेथे, भारतातही, घशात लिग्नोकेनचा फवारा मारून जागेपणीच जठर तपासले जाते. असा रुग्ण उमाळे सोसतो, पण तपासणीनंतर लगेच डॉक्टरांशी नीट बोलू शकतो आणि सोबतीची वाट न पाहता घरी जाऊ शकतो. समाधानाची प्रश्नावली त्याला तपासणीच्या खोलीबाहेर त्याच क्षणी द्यावी की आठवड्याने, यावर त्याचे उत्तर बदलू शकते.