टप, सांगाडा आणि वेग : वेगवान मोटारींना सनरूफ का नसते?

#थ्रेड #इतिहास

१/
विजयादशमीची संध्याकाळ. कोल्हापूरच्या दसरा चौकात शमीपूजनासाठी छत्रपती घराण्यातील मंडळी येतात, ती राजाराम महाराजांच्या काळातील 'मेबॅक' या जर्मन मोटारीतून. मोटारीचा टप उघडा असतो. आतील माणसे लोकांना दिसावीत आणि लोक त्यांना दिसावेत, हे त्या उघडेपणाचे प्रयोजन.

२/
आज टप उघडणारी गाडी म्हटले की सनरूफ आठवते. भारतीय बाजारात ती प्रतिष्ठेची खूण झाली आहे. तरीही जगातील कित्येक वेगवान आणि महागड्या मोटारी सनरूफविना विकल्या जातात. याउलट मेबॅकच्या जमान्यात शर्यतीच्या मोटारींना टपच नसे. ज्या वेगाला एके काळी टप नकोसा होता, त्याला आज टपातील एक भोकही का सोसत नाही? त्याचा हा धागा.

३/
उत्तराची किल्ली एका साध्या प्रश्नात आहे : गाडीची ताकद नेमकी असते कुठे?
बैलगाडी पाहावी. भार पेलतो तो खालचा साटा आणि आख. ऊन-पावसासाठी वर तट्ट्या बांधला काय किंवा सोडला काय, गाडीच्या मजबुतीत फरक पडत नाही. म्हणूनच शर्यतीच्या छकड्यावर अनावश्यक असे काहीच ठेवत नाहीत. वरचे ओझे उतरवा, वेग वाढवा, हे गणित मोटारीच्या कितीतरी आधीचे आहे.

४/
घोडागाड्यांचेही तेच. राजर्षी शाहू महाराजांचा 'खडखडा' कोल्हापूरच्या आठवणींत आजही धावतो. ती उघडी, विनाटपाची गाडी होती. बग्गीला घडीचे छत असे, पण ते सोयीसाठी. गाडीला उभे ठेवण्यासाठी नव्हे. युरोपात अशा बग्ग्या बांधणारे कारागीर पुढे मोटारींच्या बॉडी बांधू लागले. हात तेच राहिले आणि रीतही तीच राहिली.

५/
मेबॅक याच रीतीची मोटार. फ्रीडरिक्सहाफेनची ही कंपनी मुळात झेपेलिन हवाई जहाजांच्या इंजिनांसाठी उभी राहिली. मोटारींच्या बाबतीत ती इंजिन आणि सांगाडा, म्हणजे चासी तयार करी. बॉडी बहुधा दुसऱ्या कारखान्यात ग्राहकाच्या पसंतीने चढवली जाई. एकाच सांगाड्यावर बंद बॉडी बसे, तशीच उघडीही. पोलादी तुळ्यांचा तो सांगाडा सगळा भार पेलत असल्यामुळे वरचा टप कापडाचा असला तरी बिघडत नसे.

६/
राजाराम महाराजांची कारकीर्द १९२२ ते १९४० ची. त्याच काळात, १९३४ मध्ये, ग्रां प्री शर्यतींसाठी नवा नियम आला : चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून मोटारीचे वजन ७५० किलोपेक्षा अधिक नसावे. एकेक किलो मोजून मापून काढला जात असताना टपाला जागा कुठून मिळणार? चालक उघड्यावरच बसे. शर्यतीची मोटार म्हणजे पेट्रोलवर धावणारा छकडाच होता.

७/
त्या काळच्या बंद मोटारींचा टपही आजच्यासारखा नव्हता. एवढ्या रुंद पत्र्याला एका दाबात आकार देणारी यंत्रे सर्रास नव्हती. म्हणून टपाच्या मधोमध मोठे भोक ठेवून त्यावर जलरोधक कापड ताणले जाई. जनरल मोटर्सने १९३५ च्या मोटारींना सलग पोलादी टप दिला, तेव्हा ती जाहिरातीत मिरवण्याजोगी नवलाई होती. थोडक्यात, टपातील भोक आधीचे आणि सलग टप नंतरचा!

८/
दरम्यान, सांगाडाच नाहीसा होऊ लागला होता. इटलीच्या लान्चिया कंपनीने १९२२ मध्ये 'लाम्ब्डा' मोटार दाखवली. तिला वेगळी चासी नव्हती, बॉडीच भार पेलत होती. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने 'त्राक्सियाँ आव्हाँ' काढून हे तंत्र मोठ्या उत्पादनात आणले. पुढच्या काही दशकांत बहुतेक प्रवासी मोटारी अशा एकसंध कवचाच्या झाल्या. लाम्ब्डा स्वतः उघडी होती. तिच्या उंच बाजू भार पेलत. पण बंद कवचाच्या मोटारीत ताकद तळ, खांब आणि टप यांत वाटली गेली.

९/
हा बदल समजायला बुटांचा रिकामा खोका पुरेसा आहे. झाकण काढून तो दोन्ही टोकांना धरून पिळावा, सहज पिळला जातो. झाकण लावून चिकटपट्टीने घट्ट बंद केल्यावर पुन्हा पिळून पाहावा, आता तो हटून बसतो. झाकणाचे वजन नगण्य, पण त्याने बंदिस्त झालेला खोका पिळाला विरोध करतो. मोटारीचा टप हे असेच झाकण आहे. काल जो पोशाख होता, तो आता हाड झाला.

१०/
पिळाचे एवढे महत्त्व का? वळणावर रस्ता आणि चाके मोटारीला पिळत असतात. कवच लवचीक असेल, तर स्प्रिंगांनी करायचे काम कवच करू लागते. चाकाचा कोन बिनसतो आणि चालकाने वळवलेल्या स्टिअरिंगला मोटार नेमकी साद देत नाही. साध्या रस्त्यावर हे जाणवणारही नाही. शर्यतीत मात्र सेकंदाच्या अंशाचा हिशेब असतो.

११/
टपाला दुसरा कैवारी मिळाला, तो वारा. १९४० च्या मिले मिलिया शर्यतीत बीएमडब्ल्यू ३२८ ची बंद टपाची मोटार जिंकली. १९५२ मध्ये ल मांची २४ तासांची शर्यत मर्सिडीझच्या बंद ३०० एसएलने जिंकली. या मोटारीचा नळ्यांचा सांगाडा बाजूंना इतका उंच होता, की नेहमीचे दार बसेना. म्हणून दारे टपातून वर उघडणारी केली. गुळगुळीत टपावरून हवा सुरळीत वाहते, हे आता शर्यतीच्या मैदानावर सिद्ध झाले होते. वजन वाढवूनही टप वेग देऊ शकत होता.

१२/
मग सनरूफ कुठून आले? बंद मोटारी रुळल्या आणि उघड्या मोटारीची आठवण मागे उरली. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये सरकत्या टपाच्या मोटारी लोकप्रिय झाल्या. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३७ मध्ये असा टप दिला. बंद घरात पाडलेली ही खिडकी. सुखाच्या दृष्टीने उत्तम, पण हाडात पाडलेले भोक ते भोकच! गेलेली ताकद परत आणायची तर भोकाभोवती जाड चौकट हवी. शिवाय काच, रूळ, मोटर आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आल्याच.

१३/
आणि हे सगळे वजन येते मोटारीच्या सर्वांत उंच जागी. एक काल्पनिक हिशेब मांडू. १,४०० किलोची मोटार, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमीवर. टपात, १३५ सेंमी उंचीवर, २५ किलोची भर पडली, तर गुरुत्वमध्य सुमारे दीड सेंमी वर सरकतो. त्याच वेगाने त्याच वळणावर बाहेरच्या चाकांकडे झुकणारा भार जवळपास पाच टक्क्यांनी वाढतो. तेच २५ किलो तळाशी, २५ सेंमी उंचीवर ठेवले, तर ही वाढ एक टक्क्याच्याही आत राहते. वजन किती, याइतकेच ते कुठे, हेही महत्त्वाचे.

१४/
याशिवाय एक व्यवहारी अडचण आहे. सनरूफची यंत्रणा आतल्या बाजूने काही सेंटिमीटर उंची खाते. शर्यतीत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते, आणि अपघातात बचाव करणारा नळ्यांचा पिंजराही टपाखालीच बसवायचा असतो. तिथे इंच-इंच जागा लढवावी लागते.

१५/
म्हणून काही कंपन्यांनी उलट दिशा धरली : टपातून काढता येईल तेवढे काढायचे. २००३ च्या बीएमडब्ल्यू एम३ सीएसएलला कार्बन फायबरचा टप होता. २०१५ च्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसला मॅग्नेशियमचा टप बसवला. यात वाचलेले वजन थोडे, मोजक्या किलोंचे; पण ते सर्वांत उंच जागेवरून उतरलेले असल्यामुळे मोलाचे.

१६/
तरीही 'वेगवान मोटार आणि सनरूफ यांचे वैर अटळ आहे', असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. अनेक शक्तिमान सेडान मोटारींना सनरूफ असते, कारण त्यांच्या ग्राहकाला रोजच्या प्रवासातले सुख हवे असते. २०१२ ची मॅक्लारेन १२सी स्पायडर तर टप उघडणारी. तिची ताकद खालच्या कार्बन फायबरच्या टबात होती. त्यामुळे टप उघडता केला तरी मूळ सांगाड्याला नवी बळकटी द्यावी लागली नाही आणि वजन ४० किलोच वाढले. ताकद पुन्हा खाली गेली आणि टप पुन्हा मोकळा झाला.

१७/
कोल्हापूरकरांना याचा पुरावा जवळच मिळतो. मोहिते रेसिंग ॲकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्टला टप नाही, दार नाही, स्प्रिंगाही नाहीत. सगळी ताकद जमिनीलगतच्या नळ्यांच्या चौकटीत. खडखडा, १९३४ ची ग्रां प्री मोटार आणि आजची कार्ट ही या अर्थाने एकाच कुळातली.

१८/
इतिहासाच्या अभ्यासकासाठी यातला धडा मोटारींपुरता नाही. जुन्या छायाचित्रात संस्थानिकाची उघडी मोटार दिसली, की ती 'त्या काळचे सनरूफ' म्हणून वाचण्याचा मोह होतो. पण त्या उघडेपणासाठी मोटारीच्या मजबुतीला किंमत मोजावी लागली नव्हती. आजच्या सनरूफला ती मोजावी लागते. दिसायला सारख्या दोन वस्तूंमागे दोन वेगळी जगे असू शकतात. वस्तू वाचायची तर आधी तिचा सांगाडा वाचावा लागतो.

१९/
आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा. दसऱ्याची मेबॅक मिरवणुकीच्या चालीने चालते, कारण तिचे काम दर्शनाचे आहे. महामार्गावर धावत्या मोटारीच्या सनरूफमधून मुलांना उभे करणारे पालक मिरवणुकीची रीत शर्यतीच्या वेगाला जोडू पाहतात. एका जोरदार ब्रेकसरशी बाहेर उभे असलेले मूल फेकले जाऊ शकते. सनरूफ उजेडासाठी आणि हवेसाठी आहे. ते उभे राहण्याचे ठिकाण नव्हे.

(समाप्त)