तीनशे पंधराची कुळकथा

शिकारीची रायफल म्हणजे शिकाऱ्याची आवड, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे मात्र ही आवड आधी सरकारनं ठरवली. परवान्यावर मिळणारी देशी रायफल म्हटलं, की परभणी असो की जिंतूर, एकच आकडा पुढं येतो: तीनशे पंधरा. ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर, आणि हे मिलिमीटर थेट ऑस्ट्रिया-हंगेरीचे. तिथल्या सैन्यानं १८९० मध्ये मानलिखर रायफलीसाठी बिनधुराच्या दारूचं ८ × ५० मिलिमीटरचं काडतूस घेतलं. डॅन्यूबकाठच्या शिपायाचं हे काडतूस गोदाकाठी आलं ते इंग्रजांच्या धास्तीमुळं.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानं हत्यारं परवान्याखाली आली. तरी फौजेची काडतुसं चोरीला जात, आणि ती बसतील अशी नळी खासगी माणसाकडं असली तर सरकारची झोप उडे. म्हणून फौजेची थ्री-नॉट-थ्री खासगी हातांना बंद झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ०.४५० इंची रायफलींची आयातही रोखली, कारण फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचं मापही तेच. वाघ-गव्यांसाठी जोडनळी रायफली घडवणाऱ्या विलायती कारागिरांनी मग ०.४६५ आणि ०.४७० अशी नवी मापं आणली. ती ऐपतवाल्यांची हत्यारं. साध्या परवानेदाराच्या वाट्याला आलं मानलिखरचं काडतूस. ब्रिटिश फौज ते वापरत नव्हती, एवढीच त्याची पात्रता. विलायतेतल्या बीएसए कंपनीनं ते फौजेच्याच ली-एन्फिल्ड रायफलीच्या घडणीत बसवलं. पुढं बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ही रायफल होऊ लागली आणि काडतुसं आपल्या खडकीत. घडण इंग्रजी शिपायाची, काडतूस ऑस्ट्रियन शिपायाचं, आणि इंग्रजी शिपायाचं काडतूस बसू नये म्हणून केलेलं हत्यार!

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, पण विलायती माल इंग्रजांच्या बंदरांतून यायचा, म्हणून त्यांची बंधनं इथंही पोचली. पुढं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौसेची शिकार संपवली, आणि ते योग्यच झालं. आता प्रश्न उरतो तो ज्वारी-हरभरा तुडवणाऱ्या रोह्यांचा आणि रानडुकरांचा. तिथंही वनखात्याची लेखी परवानगी लागते.

अशी परवानगी मिळालेल्या माणसानं रायफलीपेक्षा नेमाचा विचार जास्त करावा, असं मला वाटतं. माशी आणि खाच जुळवून नेम धरणं दिवसा जमतं. तिन्हीसांजेला माशीच दिसत नाही. तिथं दुर्बीण कामाची, पण मोठ्या ताकदीची नव्हे. चौपट दाखवणारी, ३२ मिलिमीटर भिंगाची पुरते. ३२ ला ४ नं भागा: डोळ्याशी ८ मिलिमीटरचा उजेडाचा गोळा येतो. अंधारात माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे तेवढा उजेड तिला पुरून उरतो. त्याच भिंगावर बारापट दुर्बीण घेतली तर हा गोळा ३ मिलिमीटरच्याही आत येतो, आणि हलणारं डुक्कर तिच्या अरुंद चकतीत सापडतच नाही.

दुसरी गोष्ट गोळीची. डुक्कर हुकलं तर तीनशे पंधराची गोळी थांबत नाही, मैलभर जाऊ शकते. गोदाकाठच्या सपाट रानात तिला अडवायला टेकाड नाही. पुढं आखाडा असतो, वस्ती असते. म्हणून बार माळ्यावरूनच टाकावा, नळी खाली झुकलेली, पाठीमागं काळी माती. तसा कोन मिळत नसेल तर बोट चापावर नेऊच नये.