धनुष्याची कोटी : शिंग, सरस आणि वऱ्हाडचा साधन-इतिहास

प्रस्तावना

वऱ्हाडच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने किल्ले, घराणी आणि लढाया यांच्याभोवती फिरते. गाविलगड व नरनाळा, एलिचपूरची इमादशाही (१४९०–१५७४), १५९६ मध्ये मोगलांच्या ताब्यात गेलेला सुभा, १८०३ मधील अडगावची लढाई हे त्याचे परिचित टप्पे होत. या सर्व काळात सैनिकाच्या आणि वनवासी शिकाऱ्याच्या हाती असलेले धनुष्य मात्र कसे घडत होते, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात धनुष्याच्या एका लहानशा भागाचा, म्हणजे दोरी अडकविण्याच्या टोकाचा व त्यावर बसविल्या जाणाऱ्या शिंगाच्या पट्टीचा विचार केला आहे. हा भाग बोटभर लांबीचा असला तरी साधन, निसर्ग आणि समाज यांचे परस्परसंबंध त्यातून स्पष्ट होतात.

शब्द आणि परंपरा

अमरकोशात धनुष्याच्या टोकाला ‘कोटी’ आणि ‘अटनी’ असे शब्द आहेत, तर मधल्या मुठीला ‘लस्तक’ म्हटले आहे. अवयवांना स्वतंत्र नावे असणे, हे त्यांच्या घडणीकडे बारकाईने पाहिले जात असल्याचे लक्षण होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये नोंदविली असून दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू यांचा उल्लेख आहे. विष्णूच्या धनुष्याचे ‘शार्ङ्ग’ हे नाव ‘शृंग’ या शब्दावरूनच आले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे १८८८ मध्ये मिळालेली विष्णुमूर्ती ‘शार्ङ्गधर बालाजी’ या नावाने पूजिली जाते. शिंगाच्या धनुष्याची स्मृती वऱ्हाडात अशा रीतीने देवतेच्या नावात टिकून आहे.

टोकाला शिंग कशासाठी ?

धनुष्य ओढले असता दोरीचा सर्व ताण दोन्ही टोकांवरील खाचांत एकवटतो. बाण सुटताच दोरी एकाएकी ताठ होते आणि तोच आघात खाचेवर पुन्हा होतो. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने असतात. आडवी खाच पाडली की ते तुटतात आणि बारीक, मजबूत दोरी हळूहळू लाकडात रुतत जाऊन टोक उभे चिरते. शिंग हे केराटिनचे बनलेले असल्याने चिवट असते व दोरीच्या घर्षणाला चांगले पुरते. म्हणून खाच लाकडात खोल न पाडता शिंगाच्या पट्टीत पाडली जाते.

ही पट्टी घट्ट बसणे हाच या कामातील कसोटीचा भाग होय. प्रथम टोकाची पाठ आणि शिंगाचा तळ कानशीने पूर्ण सपाट करतात. दोहोंत फट राहिली तर ती सरसाने भरून निघत नाही. जोडाची पृष्ठे गुळगुळीत न ठेवता किंचित खरबरीत ठेवावी लागतात आणि शिंगावरील स्निग्धता काढून टाकावी लागते. लाकडाच्या तुटक्या तंतूंवर सरस नीट धरत नाही. त्यामुळे पट्टी टोकाच्या छेदावर न चिकटविता पाठीवर लांब, तिरप्या जोडाने बसविणे अधिक टिकाऊ ठरते. सरसाचा पहिला हात लाकडात जिरू देऊन मग दुसरा देतात. दाब बेताचाच ठेवावा लागतो, कारण अति दाबाने सरस बाहेर पडून जोड कोरडा राहतो. पूर्ण वाळल्यावरच गोल कानशीने खाच घासतात. मुठीकडील बाजू निमुळती करून तिच्याखाली सुताचा किंवा तातीचा वेढा आवळला की पट्टी उचकटण्याचा धोका कमी होतो. टोकाचा हा भाग वाकता कामा नये. तो वाकला तर उत्तम जोडही सुटतो.

पुराव्याचा प्रश्न

सेंद्रिय द्रव्ये नाश पावतात, ही या विषयाची मोठी अडचण आहे. इंग्लंडमध्ये १५४५ साली बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले. त्यावरील १७० हून अधिक लाकडी धनुष्ये मिळाली, परंतु त्यांच्या टोकांवरील शिंग जवळजवळ सर्वत्र नष्ट झाले होते. शिंगाखाली झाकलेल्या लाकडाचा रंग वेगळा राहिल्यामुळे ते ओळखता आले. वस्तू नाहीशी झाली तरी तिची खूण उरते, हा धडा वऱ्हाडातील जुन्या शस्त्रसंग्रहांच्या अभ्यासासही लागू पडतो. टोकावरील रंगातील फरक, सरसाचे थर आणि दोऱ्याच्या वेढ्याच्या खुणा यांची नोंद लांबीरुंदीइतकीच महत्त्वाची आहे.

वऱ्हाडातील द्रव्ये

कच्चा माल या प्रदेशात दुर्मिळ नव्हता. मेळघाटच्या सागमिश्रित वनांत बांबू व धामण आढळतात. संस्कृतात ‘धनुर्वृक्ष’ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष तो हाच धामण. विदर्भातील नागपुरी म्हैस ‘एलिचपुरी’ व ‘वऱ्हाडी’ या नावांनीही ओळखली जाते. तिची शिंगे लांब, चपटी आणि तलवारीप्रमाणे मागे वळलेली असतात. गाविलगडाच्या परिसरात गवळी समाजाने म्हशी पाळण्याची परंपरा जपली आहे.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. मराठीत म्हशीच्या आणि सांबराच्या अशा दोन्ही अवयवांना ‘शिंग’च म्हणतात. वस्तुतः म्हशीचे शिंग हे हाडाच्या गाभ्यावरील केराटिनचे आवरण असते, तर सांबर-चितळाचे शिंग हाडाचे असून ते गळून पुन्हा उगवते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यामुळे आणि १९७३-७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाल्यामुळे या भेदाला कायद्याचेही परिमाण आले. संग्रहालयातील वस्तूवर केवळ ‘शिंग’ असे लिहिणे म्हणूनच अपुरे आहे.

दोन परंपरा, दोन उत्तरे

मोगलकालीन सैन्यात प्रचलित असलेले संयुक्त धनुष्य लाकडाचा गाभा, पोटाला म्हशीचे शिंग आणि पाठीला स्नायूंचा थर अशा तीन द्रव्यांचे असे. ते आखूड असूनही जोरदार होते. त्याचा सर्व जीव मात्र सरसात होता आणि सरस ओलाव्याने मऊ पडतो. अकोल्याचा प्रखर उन्हाळा आणि चिखलदऱ्याचा धुवाधार पावसाळा यांच्यामध्ये असे धनुष्य जपणे हे खर्चाचे व कुशल कारागिराचे काम होते. सैन्याला ते परवडत असे.

सातपुड्यातील भिल्लांचा तिरकमठा याहून अगदी वेगळा आहे. दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच सालीच्या पट्टीची. त्यात सरस नाही, शिंगही नाही. याला अविकसिततेची खूण मानणे वसाहतकालीन वर्गीकरणाच्या दृष्टीला धरून होते, परंतु साधनाच्या तर्काला धरून नाही. बांबूची बाह्य साल मुळातच कठीण असते आणि पट्टीसारखी रुंद दोरी बारीक दोरीप्रमाणे खाचेत रुतत नाही. जेथे कापणारी दोरीच नाही, तेथे तिच्यापासून रक्षण करणाऱ्या शिंगाचीही गरज उरत नाही. शिवाय पावसाने सुटेल असा जोडच त्यात नसतो. मोडलेले धनुष्य रानातल्याच बांबूपासून पुन्हा करता येते. शिंग उपलब्ध असूनही ते न वापरणे, ही विचारपूर्वक केलेली निवड मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

वर्तमान संदर्भ

अमरावतीचे क्रीडाक्षेत्रातील स्थान श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या १९१४ मधील स्थापनेपासून सर्वज्ञात आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेले सातारा जिल्ह्यातील प्रवीण जाधव यांनी तिरंदाजीचे शिक्षण अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत घेतले. ऑलिंपिकचे धनुष्य कारखान्यात बनते. देशांतर्गत ‘इंडियन राऊंड’ प्रकारात मात्र बांबू-लाकडाचे धनुष्य आजही वापरले जाते. त्यावर बारीक कृत्रिम धाग्याची दोरी चढविली की टोक चिरण्याचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्यावर कठीण पट्टी बसविणे हेच उत्तर राहते, फक्त सरसाच्या जागी इपॉक्सी येते.

निष्कर्ष

धनुष्याची दोरी आणि कोटी यांचा विचार एकत्रच करावा लागतो. एक बदलली की दुसरी बदलणे क्रमप्राप्त होते. शिंगाची पट्टी ही प्रगतीची पायरी नसून विशिष्ट दोरी, हवामान आणि खर्चाची ऐपत यांना दिलेले उत्तर आहे, आणि तिचा अभाव हेही तितकेच समर्थ उत्तर आहे. वऱ्हाडच्या वनवासी समाजांची साधने उणिवांच्या यादीतून न पाहता निर्णयांच्या यादीतून पाहिली, तर ज्यांच्या नावे शिलालेख वा सनदा नाहीत अशा कारागिरांचा इतिहास लिहिता येईल. त्यासाठी सातपुड्यातील तिरकमठा घडविणाऱ्या हातांची, त्यांच्या शब्दांची आणि कृतींची तपशीलवार नोंद घेणे हे या प्रदेशातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे. हे हात कामात आहेत तोवरच ते व्हावे.