महलूल, द्रावण आणि लोणारचे पाणी

मागच्या वर्षी विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून आठवीचा एक तास माझ्या वाट्याला आला. मी भाषेचा माणूस, उर्दू आणि मराठी शिकवणारा. धडा होता पाण्यात पदार्थ विरघळण्याचा. काचेच्या ग्लासात पाणी घेतले, चमचाभर मीठ टाकले, ढवळले. फळ्यावर लिहिले, ‘महलूल’. मराठी शिकवण्याची सवय, म्हणून शेजारी ‘द्रावण’ लिहिले. मागून कुणीतरी ओरडले, ‘सोल्युशन!’

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “सर, माझा भाई अकरावीला सायन्सला गेला. सगळं इंग्रजीत. त्याला काहीच कळेना, म्हणून त्याने आर्ट्सला नाव घातलं. मग आम्ही महलूल शिकून काय फायदा?”

मी “मेहनत केली की सगळं जमतं” असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते. तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आता लिहितो.

सुरुवात शब्दांपासूनच करू. महलूल हा शब्द अरबीतल्या ‘हल्ल’ या धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ गाठ सोडणे, मोकळे करणे. त्यावरूनच विरघळवणे आणि कोडे सोडवणे हे अर्थ आले. उर्दूत आपण गणितही ‘हल’ करतो आणि साखरही ‘हल’ होते. बंधनातून मोकळे, म्हणजे ज्याची परवानगी आहे ते ‘हलाल’, हेही त्याच धातूचे. प्रवाशांनी ओझी सोडून उतरायची जागा ती ‘महल्ला’. आपला मोहल्ला तिथूनच आला. आता इंग्रजी सोल्युशन पाहा. त्याचे मूळ लॅटिन ‘सोल्वेरे’, अर्थ सोडणे, सैल करणे. म्हणून इंग्रजीतही सोल्युशन म्हणजे द्रावण आणि सोल्युशन म्हणजे उत्तर. द्रावण शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘द्रु’ आहे, धावणे, वाहणे, वितळणे. तीन भाषा, पण तिघींनी पाण्याकडे नीट पाहिले होते.

कारण पाणी खरोखर गाठी सोडते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन विद्युतभार असतो. मिठाचा खडा म्हणजे धनभारित सोडियम आणि ऋणभारित क्लोराइड यांची घट्ट वीण. पाण्याचे रेणू सोडियमला ऑक्सिजनच्या बाजूने आणि क्लोराइडला हायड्रोजनच्या बाजूने वेढतात आणि खडा कणाकणाने सुटत जातो. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मावते, पुढचे तळाशी बसते. तेलाच्या रेणूत असा भारांचा भेद जवळजवळ नसतो, म्हणून तेल पाण्यात विरघळत नाही.

हा धडा आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर निसर्गाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. जालन्याहून मंठ्यामार्गे पुढे गेले की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार लागते. अशनी आदळून काळ्या पाषाणात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आणि तळाशी खारे सरोवर. काठावर गोड्या पाण्याची धार अखंड वाहते, तरी सरोवर खारेच. असे का? पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. ते काळ्या खडकातून झिरपताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून आणते. विवरातून बाहेर पडायला ओढा नाही. सूर्य वाफ करून नेतो ते फक्त पाणी. विरघळलेले मागेच राहते. कॅल्शियम चुन्याच्या रूपाने आधी तळाशी बसते, सोडियम पाण्यात साठत जाते. म्हणून तिथे मिठाबरोबर सोडाही आहे. सोड्याचा कार्बोनेट पाण्यातला हायड्रोजन ओढून घेतो, आणि म्हणूनच लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो.

हे रसायन कळण्याच्या कितीतरी आधी लोकांना त्याचा उपयोग माहीत होता. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर क्षारांचे थर उघडे पडत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची वेगवेगळी नावे जुन्या गॅझेटियरांत सापडतात. अकबराच्या काळात १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आले. त्यानंतर अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची दखल घेतली. काच आणि साबण बनवण्याचे सगळे साहित्य इथे मिळते, त्यावरच्या कराचे उत्पन्न सरकारला चांगले होते, असे तो नोंदवतो. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, हेही तो त्याच ओघात लिहितो. हा अबुल फजल काही काळ आपल्या जालन्यात राहिला होता, अशी परंपरा गॅझेटियरने नोंदवली आहे.

काच आणि साबण या दोन्हींना सोडा लागतो. जिथे लोणारसारखे तळे नव्हते, तिथे लोक खारट जमिनीतली झुडपे जाळून राख करीत. राख पाण्यात घातली की क्षार पाण्यात उतरतो, बाकीचा गाळ खाली राहतो. या राखेला अरबीत ‘अल-कली’ म्हणतात. जगभरच्या विज्ञानाच्या पुस्तकांतला ‘अल्कली’ तो हाच. रय शहरातला वैद्य अबू बक्र अल-राझी याने हजारेक वर्षांपूर्वी क्षारांची वर्गवारी केली, त्यात हा कलीचा क्षारही आहे. आणि त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत क्षार बनवण्याची कृती दिली आहे: वनस्पतींची राख पाण्यात कालवायची, पुन्हा पुन्हा गाळायची, मग आटवायची. अब्बासी काळात बगदादमध्ये सुश्रुतसंहितेचा अरबी अनुवाद झाला आणि राझीने आपल्या वैद्यकग्रंथात सुश्रुताचा हवाला दिला.

इथे थोडे थांबायला हवे. मोबाइलवर रोज दोन प्रकारचे मजकूर येतात. एकात सगळे विज्ञान आमच्या ग्रंथांत आधीच होते, दुसऱ्यात सगळे विज्ञान मुसलमानांनी शोधले. मुलांना दोन्हींपासून जपले पाहिजे. राझीला आयन माहीत नव्हते, सुश्रुतालाही नव्हते. पण दोघांनी राख पाण्यात टाकून काय होते ते पाहिले आणि लिहून ठेवले. पुढच्याने मागच्याचे वाचले, आपल्या भाषेत आणले, मागच्याचे नावही घेतले. मोठेपण आहे ते यात.

आपल्या मुलुखानेही हे काम केले आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा १९१७ मध्ये तिथे दारुल-तर्जुमा, म्हणजे अनुवादाचे खाते, उघडले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे विज्ञान उर्दूतून शिकवले गेले. त्यासाठी हजारो पारिभाषिक शब्द बसवले गेले. ते राज्य १९४८ मध्ये गेले, पण आपल्या शाळांतल्या उर्दू विज्ञानाच्या भाषेवर त्या मेहनतीचा ठसा अजून आहे. त्या काळात ज्यांची मातृभाषा मराठी होती त्या मुलांना मात्र उर्दू परकी होती, हेही विसरू नये. आज आपल्या मुलीला इंग्रजीसमोर जे वाटते, तेच त्यांना वाटले असेल.

म्हणून त्या मुलीला माझे उत्तर असे: बेटा, महलूल शिकलीस ते वाया गेलेले नाही. मीठ पाण्यात कसे सुटते हे तुला एकदा समजले की ते समजणे तुझे झाले. बदलायचे आहे ते फक्त नाव, आणि नावे घरातल्या नात्यांसारखी एकमेकांत गुंतलेली आहेत. पण ही नावे आधीच ओळखीची करून देणे आम्हा शिक्षकांचे काम होते. ते आम्ही केले नाही, म्हणून तुझ्या भावाचे सायन्स सुटले.

आता मी विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने एक वही केली आहे. प्रत्येक धड्याचे शब्द तीन रकान्यांत, उर्दू, मराठी, इंग्रजी. इंग्रजी उच्चार उर्दू लिपीत. आठवीपासून रोज पाच शब्द फळ्यावर. ज्यांच्या शाळेत अशी वही नसेल त्यांनी ती सुरू करावी. खर्च एका वहीचा आहे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर पहिलीच ओळ आहे: महलूल, द्रावण, सोल्युशन. ती त्या मुलीच्याच हस्ताक्षरात आहे.