मूळ दस्त आणि नक्कल

वकिलीच्या धंद्यात मूळ दस्तापेक्षा नकलेशीच अधिक संबंध येतो. मूळ दस्त दप्तरात किंवा पक्षकाराच्या पेटीत असतो. आमच्या हाती येते ती त्याची नक्कल. तिचा कागद हलका असला, अक्षर किरटे असले, शिक्का पुसट उमटला असला, तरी आम्ही तक्रार करीत नाही. मुळातली एखादी ओळ गळली तर नाही ना, एखादे नाव बदलले तर नाही ना, एवढेच आम्ही पाहतो. हा आमचा जुना निकष गेल्या पावसाळ्यात अगदी अनपेक्षित ठिकाणी लावून पाहण्याचा प्रसंग आला. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सिल्वासात पाऊस एकदा लागला म्हणजे दमणगंगा तांबूस होऊन वाहू लागते आणि माणसे घरांत अडकून पडतात. अशाच एका दुपारी आम्ही एका स्नेह्यांकडे बसलो होतो. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाला परदेशातील नातलगांनी आपले जुने व्हिडिओ गेमचे यंत्र धाडले होते. निन्टेंडो कंपनीचे हे 'वी' नावाचे पांढरे कन्सोल २००६ साली बाजारात आले व पुढे दहा कोटींहून अधिक खपले. त्यावर तो 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर' हा युद्धाचा खेळ खेळत होता. आम्हांस कुतूहलाने पाहताना पाहून तो म्हणाला, "काका, हा खरा नव्हे हं. खरा मोठ्या मशीनवर असतो. ही त्याची हलकी कॉपी." 'कॉपी' हा शब्द कानी पडताच आम्ही खुर्ची पुढे ओढली.

मुलाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होते. मूळ खेळ इन्फिनिटी वॉर्ड या अमेरिकन मंडळीने २००७ साली एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३ आणि संगणक यांसाठी रचला. दोन वर्षांनी, २००९ च्या नोव्हेंबरात, ट्रेयार्क या दुसऱ्या मंडळीने त्याला 'वी'वर आणून बसविले व 'रिफ्लेक्स' असे उपनाम दिले. एक्सबॉक्सची स्मृती ५१२ मेगाबाइट, तर 'वी'ची अवघी ८८. मोठ्या वाड्यातला संसार एका खोलीच्या बिऱ्हाडात आणावयाचा, तर काही सामान मागे ठेवणे भाग पडते. त्याप्रमाणे भिंतींवरचे पोत पुसट झाले, दूरची घरे धूसर झाली, आणि एका सेकंदात जेथे साठ चित्रे सरकत तेथे तीसच सरकू लागली. इंटरनेटवरून दूरच्या गड्यांशी खेळण्याची सोय मात्र नकलेतही होती. परंतु २० मे २०१४ रोजी कंपनीने ती सेवाच बंद केली.

असे असूनही, दोन-तीन दुपारी शेजारी बसून पाहिल्यावर आमचे मत नकलेच्या बाजूने झुकले. या यंत्रात नेम धरावयाचा तो हातातले दांडके पडद्याकडे रोखून. पडद्यापाशी ठेवलेल्या पट्टीतून अदृश्य प्रकाश निघतो व दांडक्याच्या टोकाचा कॅमेरा तो टिपतो. मनुष्य बोट दाखवितो तितक्या सहजतेने बंदूक वळते. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कथानकाची एकही मुख्य ओळ गळलेली नाही. आरंभी एका पदच्युत राष्ट्राध्यक्षाच्या डोळ्यांनी आपण मोटारीतून शहर पाहतो. हात बांधलेले असतात, फक्त मान वळविता येते, आणि प्रवास वधस्तंभापाशी संपतो. पुढे एक अमेरिकन सार्जंट अणुस्फोटात सापडतो. त्याच्या देहात शिरून आपण चार पावले खुरडतो आणि तो मरतो. या दोन्ही प्रसंगांचा परिणाम भिंतीच्या रेखीवपणावर अवलंबून नाही. मूळ दस्ताचे मर्म नकलेत शाबूत आहे, सबब ती ग्राह्य आहे, असा निकाल आम्ही मनाशी दिला.

सगळ्याच नकला इतक्या प्रामाणिक नसतात. १९९२ साली 'वोल्फेन्स्टाइन ३ डी' नावाचा खेळ संगणकावर आला. दुसऱ्या महायुद्धातला एक दोस्त सैनिक नाझींच्या किल्ल्यातून लढत बाहेर पडतो, असा त्याचा विषय. १९९४ साली तो निन्टेंडोच्याच एका जुन्या, दुबळ्या कन्सोलवर नेण्यात आला. तेव्हा चित्रे ओबडधोबड झाली, ते क्षम्य होते. परंतु कंपनीच्या सोवळ्यापायी स्वस्तिकचिन्हे पुसली गेली, रक्ताचा घाम झाला, पहाऱ्याच्या कुत्र्यांचे अवाढव्य उंदीर झाले, आणि खुद्द हिटलर 'स्टाटमाइस्टर' या बनावट नावाने वावरू लागला. यातले काहीही यंत्राच्या दुर्बलतेने घडले नव्हते. हिटलर हे नाव लिहावयास कितीशी स्मृती लागणार? पोत पुसट होणे ही गरिबी, आणि नाव पुसणे ही सोय. नक्कल तपासताना या दोहोंतला भेद आम्ही नेहमी करीत आलो आहोत.

या निकषाने मूळ खेळाकडे पुन्हा पाहिले, तेव्हा मात्र आम्ही चपापलो. ज्या देशात हे युद्ध चालते त्याला नावच नाही. मध्यपूर्वेतला कोणता तरी देश, एवढेच. वध होतो त्या राष्ट्राध्यक्षाचे नाव यासीर अल-फुलानी. आता अरबीतला 'फुलान' म्हणजेच आपला 'फलाणा'! ज्याच्या मरणाने खेळ सुरू होतो, त्याचे आडनाव अमका-फलाणा. दुसऱ्या एका प्रसंगात आपण लष्करी विमानात बसून रशियातल्या एका गावावर तोफा डागतो. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके धावतात आणि विझतात. तेथील चर्चवर गोळा टाकावयाचा नाही अशी सक्त ताकीद आहे. इमारतीला एवढे संरक्षण मिळाले. ठिपक्यांना नाव मिळाले नाही. ही ओळ नकलेत गळलेली नाही. मुळातच ती जागा कोरी सोडलेली आहे. मोठ्या यंत्राची सारी स्मृती खर्ची घातली, तरी ती भरून निघणारी नव्हती.

आम्ही मुलाला विचारले, "अरे, हे ठिपके कोण?"

तो म्हणाला, "शत्रू."

"त्यांची नावे काय?"

तो हसला. मग थोड्या वेळाने त्याने उलट विचारले, "काका, तुम्ही दर २ ऑगस्टला आपल्या मुक्तिसंग्रामावर बोलता ना? त्यात समोरच्या बाजूची कोण माणसे मेली?"

या प्रश्नाने आमचीच उलटतपासणी झाली. १९५४ सालची ती लढाई खरोखरच लहान यंत्रावरची होती : थोडी माणसे, थोडी शस्त्रे, भर पावसाळा. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी फ्रान्सिस मस्करेन्हास यांच्या नेतृत्वाखाली दादरा घेतले. आठवड्याभरात नरोली गेली. आझाद गोमांतक दल आणि पुण्याकडून आलेले राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक २ ऑगस्टला सिल्वासात शिरले. संगीतकार सुधीर फडके आणि पुढे शिवशाहीर म्हणून कीर्तिमान झालेले बाबासाहेब पुरंदरे हेही त्यांत होते. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूस हटला व ११ ऑगस्टला शरण आला. हे सर्व आम्ही दरवर्षी सांगतो. पण दादऱ्याच्या त्या रात्री चौकीवर पडलेल्या अनिसेतो दु रोझारियो आणि अंतोनियो फर्नांडिस या पोलिसांची नावे आमच्या भाषणात एकदाही आलेली नव्हती. ती आम्हांस ठाऊक नव्हती असे नव्हे. त्यांच्या उल्लेखाने मुक्तीचा न्याय्यपणा तसूभरही कमी होत नाही. केवळ सोयीसाठी आम्ही त्यांना 'फलाणा' केले होते. व्यासपीठावर ज्या पक्षाचा वक्ता उभा राही, त्याच पक्षाच्या स्वयंसेवकांची नावे तो घेई. आणि या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे वारली, ढोडिया व कोकणा 'जनता' या एका शब्दात गुंडाळले जात.

वकील म्हणून आमचा दोष याहून मोठा होता. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर फिर्याद केली, आणि १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. 'हेगला भारत जिंकला' असे आम्ही ठणकावून सांगत आलो. निकाल समग्र वाचला तर त्यात तीन गोष्टी आहेत. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी दमण ते हे प्रदेश असा वाटेचा हक्क पोर्तुगालला १९५४ साली होता, असे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी म्हटले. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांच्यासाठी तो हक्क नव्हता, हे अवघ्या ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. यांतली पहिली ओळ आमच्या नकलेत गळलेली असे. हा परिच्छेद पाठ करण्यास आमची स्मृती अपुरी पडत नव्हती, आणि सभेत वेळही भरपूर असे. अशी नक्कल एखाद्या पक्षकाराने आमच्यापुढे आणली असती, तर आम्ही ती त्याच्या अंगावर फेकली असती.

इतिहासाला नकलेवाचून गती नाही. १९५४ चा पाऊस, त्या रात्रीचा अंधार, माणसांच्या मनांतली भीती हे सारे कोणत्याही भाषणात किंवा निबंधात मावणारे नाही. आमचे यंत्र त्या मानाने फारच दुबळे आहे. जे मावत नाही ते राहून गेले, तर वाचक क्षमा करतील. जे सहज मावत होते ते आम्ही वगळले, त्याला मात्र क्षमा मागण्याचाही आम्हांस अधिकार नाही. ती उणीव भरून काढणे एवढेच हाती आहे.

तो पांढरा कन्सोल अजून त्या घरी आहे आणि पाऊस लागला की चालू होतो. आम्हीही आमच्या २ ऑगस्टच्या भाषणाचे जुने टिपण काढून ठेवले आहे. त्याच्या समासात हेगच्या निकालाचे तिन्ही भाग मतांच्या आकड्यांसह उतरविले आहेत, आणि दादऱ्याच्या परिच्छेदाखाली दोन नावे लिहिली आहेत. पुढल्या खेपेस ती मोठ्याने वाचावयाची आहेत. श्रोत्यांत तो मुलगा असावा, अशी आमची इच्छा आहे.