येन ह्वेई
(इ. स. पू. सहावे–पाचवे शतक). चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशस याचा पट्टशिष्य. जन्म लू राज्यात. तो गुरूपेक्षा ३० वर्षांनी लहान होता, असे स्स-मा च्येनच्या इतिहासग्रंथात म्हटले आहे. कन्फ्यूशसच्या वचनसंग्रहात (लुन-यू) सद्‌गुणी शिष्यांमध्ये त्याचे नाव प्रथम येते. दारिद्र्यातही त्याची प्रसन्नता व विद्येची ओढ ढळली नाही. त्याच्या अकाली मृत्यूने कन्फ्यूशस शोकाकुल झाला. तथापि बाह्य शवपेटीसाठी आपला रथ देण्याची येन ह्वेईच्या वडिलांची विनंती त्याने नाकारली. स्वतःच्या मुलाच्या अंत्यविधीतही त्याने हीच मर्यादा पाळली होती.

व्हिएटनाममध्ये त्यास ‘न्यान होइ’ म्हणतात. हे नावाचे भाषांतर नसून त्याच दोन चिनी अक्षरांचे व्हिएटनामी पद्धतीचे वाचन होय. हानोई येथील वाङ्मय मंदिरात (स्थापना १०७०) कन्फ्यूशसच्या चार सहचरांमध्ये त्याची पूजा होत आली आहे. व्हिएटनाममध्ये कन्फ्यूशसप्रणीत ग्रंथांवर आधारलेल्या शासकीय परीक्षा १९१९ पर्यंत होत असत. ग्रंथरचना न केलेला व अधिकारपद न भूषविलेला हा शिष्य अशा रीतीने अधिकारपदाची आकांक्षा धरणाऱ्या विद्यार्थ्यांचा आदर्श ठरला.